कोऱ्या कॅनव्हासचा नियम

आमच्या गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की तुम्ही सगळे फीनिक्सहून, अर्विंगहून, एडिसनहून लाँग वीकेंडला गाड्या भरभरून याल, आणि गावात आधीच पार्किंगला जागा नाही. ॲरिझोनात, फीनिक्सपासून दोन तासांवर, लाल डोंगर, निळं आभाळ आणि मध्ये सकाळपासून तुंबलेला एक रस्ता, एवढं पुरे. मी पॅथॉलॉजिस्ट. पस्तीस वर्षं मायक्रोस्कोपमध्ये डोकं घालून बसले, म्हटलं आता जरा मान वर करून आभाळ बघावं, म्हणून नवरा गेल्यावर इथे घर घेतलं. आभाळ आहे. बाकी सगळं दुकान आहे.

किराणा घ्यायला इथे दोन दुकानं आणि चित्रं घ्यायला चाळीस गॅलऱ्या. चाळीसही ठिकाणी तोच लाल डोंगर. पहाटेचा डोंगर, सूर्यास्ताचा डोंगर, बर्फातला डोंगर, डोंगरापुढे घोडा. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या गॅलऱ्यांत फुकट वाइन आणि चीजचे तुकडे असतात, तेव्हा लोक हातात ग्लास घेऊन फिरतात आणि चित्रासमोर उभं राहून आपल्या सोफ्याचा रंग आठवतात. चित्रकार मात्र गावात राहत नाहीत, त्यांना इथलं भाडं परवडत नाही. ते शेजारच्या गावाहून चाळीस मिनिटं ड्राइव्ह करून येतात, चित्र ठेवतात आणि परत जातात.

अशाच एका शुक्रवारी मी एका गॅलरीत उभी होते आणि स्वतःशीच पुटपुटले, "किती वेळा तोच डोंगर काढतात मेले." वरून आवाज आला, "ताई, हळू बोला. त्याच डोंगरावर माझं पोट आहे." वर बघते तर शिडीवर एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस, कानामागे पेन्सिल आणि दातांत खिळा. तो चारुदत्त. गावातला दुसरा मराठी माणूस. तिसरी त्याची बायको नीना. आमचं महाराष्ट्र मंडळ तेवढंच.

चारुदत्त त्या गॅलरीत फ्रेमा बनवायचा आणि चित्रं टांगायचा. चित्राचा मध्य जमिनीपासून बरोबर सत्तावन्न इंचांवर, तारेला ढील किती, हुक कुठे, सगळं त्याच्या बोटांत होतं. मूळचा नागपूरचा. शाळेत वर्गाच्या फळ्यावर दिवाळीचं चित्र काढायला यालाच बोलवायचे, पण वडिलांनी इंजिनीअरिंगला घातला. अठ्ठ्याण्णव साली कॉम्प्युटरच्या कामावर अमेरिकेत आला, फीनिक्सच्या एका बँकेत चौदा वर्षं राबला, आणि बावन्नाव्या वर्षी बँकेने त्याला घरी पाठवला. त्याआधी तीन महिने त्याची जागा घेणाऱ्या पोरांना त्यानेच शिकवलं होतं. त्यावर मी एकदा चिडून बोलले, तर म्हणाला, "पोरं चांगली होती हो. त्यांचा काय दोष?" त्याच्या अशा बोलण्याचा मला राग येई. माणसाला थोडं तरी भांडता यायला हवं.

वर्षभर त्याने अर्ज केले, कुणी विचारलं नाही. नीनाला इथल्या एका दवाखान्यात लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून ती दोघं या गावात आली. चारुदत्तने गॅलरीतलं काम दोन महिन्यांसाठी म्हणून धरलं आणि अकरा वर्षं केलं.

सुट्टीच्या दिवशी तो चित्रं काढायचा. सूर्यास्ताची नाही. भर दुपारी, बारा-एकला, जेव्हा टुरिस्ट एसीत जेवत असतात, तेव्हा हा पठ्ठ्या टोपी घालून पाण्याच्या टाकीसमोर नाहीतर दवाखान्याच्या पार्किंगमध्ये उभा. चित्रात पुढे टाकी, मागे पांढऱ्या उन्हात फिकटलेला डोंगर. मी विचारलं, हे असलं का काढतोस? तर म्हणाला, "ताई, दुपारी हा डोंगर दमलेला दिसतो. मला तो तेव्हाच ओळखीचा वाटतो." मी चित्रातली जाणकार नाही, पण जन्मभर काचेवर बघत आले आहे. कोण बघून काढतं आणि कोण न बघता, एवढं मला कळतं. हा बघून काढायचा.

गॅलरीची मालकीण डोरीन. तिने त्याचं चार्ली करून टाकलं होतं. बाई वाईट नव्हती. पण दर वर्षी हा आपली चार चित्रं तिला दाखवायचा आणि दर वर्षी ती म्हणायची, चार्ली, सुंदर आहेत, पण पाण्याची टाकी कोण घेईल? मग हा चित्रं गाडीत ठेवून परत आत जायचा आणि दुसऱ्याचा सूर्यास्त सत्तावन्न इंचांवर टांगायचा. अकरा वर्षं टांगत होता. त्या भिंतीवर एकदा, एकच महिना, आपलं चित्र असावं, एवढीच त्याची इच्छा होती. तसं त्याने बोलून दाखवलं नाही, पण दर वेळी रिकाम्या भिंतीसमोर तो जरा जास्त वेळ उभा राहायचा.

आणि नीना? नीनाबद्दल कुणी वाकडं बोललेलं मला चालणार नाही. पहाटे सहाला लॅबमध्ये उभी राहणारी बाई. गुडघे गेलेले. मुलगा ऋषी टेक्ससमध्ये, अर्विंगला, त्याची मुलगी चार वर्षांची, फोनवर इंग्लिशमध्ये बोलणारी. नीनाला तिकडे जायचं होतं, आणि ती ते लपवत नव्हती. नवऱ्याचं चित्र काढणं तिच्या लेखी छंद होता, जसा कुणाला पत्त्यांचा असतो. रंगांचं सामान गॅरेजमध्ये. दसऱ्याला ती हौसेने सगळी पूजा मांडायची. गाडीला हळदकुंकू, मिक्सरला हळदकुंकू, स्वतःच्या लॅबच्या बॅजला हळदकुंकू, आणि चारुदत्तच्या बँकेच्या काळातल्या, कधीच बंद पडलेल्या लॅपटॉपलासुद्धा. कारण ते काम. रंगांच्या पेटीकडे तिने कधी बघितलंही नाही. मला एकदा ते टोचलं आणि मी तसं म्हणाले, तर चारुदत्तच मला गप्प करत म्हणाला, "असू द्या ताई. ती दमते."

गावात दर ऑक्टोबरला एक स्पर्धा होते. तीस चित्रकार निवडतात. शनिवारी सकाळी सगळ्यांनी उघड्यावर उभं राहून समोर दिसेल ते दोन तासांत काढायचं. त्यातून परीक्षक पाच निवडतात, आणि त्या पाच जणांची चित्रं महिनाभर डोरीनच्या गॅलरीत पुढच्या भिंतीवर लागतात. कुणी घरून अर्धं चित्र करून आणू नये म्हणून एक पद्धत आहे: सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपले दोन कोरे कॅनव्हास टेबलावर दाखवायचे, तिथले लोक ते पुढून तपासतात आणि मागे शिक्का मारतात. शिक्का नसेल तर चित्र स्पर्धेत नाही. पावणेनऊला शिक्का पेटीत जातो, मग कुणासाठी निघत नाही.

या टेबलावर सहा वर्षं कोण बसायचं? चारुदत्त. बँकेतला माणूस, नियम करायला आणि पाळायला शिकलेला. "कॅनव्हासवर रेघ नको" असं आधी लिहिलेलं होतं. याने त्यात "ठिपका किंवा कसलीही खूण नको" असं घातलं. एका वर्षी एक रिटायर्ड शाळामास्तरीण आली होती. तिच्या दोन्ही कॅनव्हासवर पेन्सिलीचे दोन-दोन ठिपके होते, डोंगराची उंची धरायला. याने तिला परत पाठवलं. ती म्हणाली, दोन मिनिटं द्या, मी दुसरा आणते. हा म्हणाला, वेळ संपली. बाई तिथेच रडली. पुढे वर्षभर हा तिच्याबद्दल बोलत राहिला, पण नियम बदलला नाही.

आठ वर्षं याचा स्वतःचा अर्ज नाकारला गेला. गेल्या वर्षी, नवव्या वेळी, तीसांत नाव आलं. फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडे चहाला होते. चारुदत्त फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिला. नीना त्याला म्हणाली, "हे बघ, आता मी स्पष्ट सांगते. पाचांत आलास तर अजून दोन वर्षं राहू इथे. मी काही बोलणार नाही. नाही आलास तर डिसेंबरात अर्विंग. आणि मग तोंड पाडून बसायचं नाही." तो म्हणाला, "मंजूर." दोघांनी हात मिळवले, मला साक्षीदार धरून. मला हसू आलं होतं तेव्हा.

स्पर्धा होती बारा ऑक्टोबरला, शनिवारी, आणि गेल्या वर्षी दसराही त्याच दिवशी आला. नीनाची सकाळची शिफ्ट होती, म्हणून त्याला सोडायला मी गेले. तो दारात उभाच होता, आणि चेहऱ्यावर असं काही होतं की मी विचारलं, काय झालं? तर त्याने रंगांची पेटी पुढे केली. झाकणावर हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, वर झेंडूची पाकळी. ईझलला तसंच, ब्रशांच्या डब्याला तसंच. "मी अंघोळीला गेलो होतो," तो म्हणाला, "नीनाने कामावर जायच्या आधी केलं. मला बोलली पण नाही." मग गाडीत बसेपर्यंत तो ती पेटी मांडीवरून खाली ठेवेना.

रस्त्यावर नेहमीप्रमाणे टुरिस्ट तुंबलेले. पोचायला साडेआठ वाजले आणि आम्ही रांगेत सगळ्यात शेवटी. टेबलावर त्या वर्षी दुसरीच एक बाई होती, लायब्ररीतली, हसतमुख. तिने म्हटलं, चार्ली, आज तू टेबलाच्या या बाजूला! त्याने कॅनव्हासची पिशवी उघडली आणि पहिला कॅनव्हास बाहेर काढला.

मधोमध कुंकू. चांगलं ओल्या बोटाने, ठसठशीत लावलेलं, शेजारी हळद, आणि खाली दोन अक्षता चिकटलेल्या.

दुसरा काढला. त्यालाही.

आता मला सांगा, यात चूक कुणाची? आपण वहीला लावतो, पोथीला लावतो, नव्या फ्रिजलासुद्धा दारावर बोटं उमटवतो. नीनाने सगळ्या सामानाची पूजा केली आणि ज्यावर खरं काम व्हायचं त्याला तर आधी लावलं. कोरा म्हणजे किती कोरा लागतो, हे तिला कोण सांगणार? तिने अकरा वर्षांत कधी विचारलं नव्हतं, आणि यानेही सांगितलं नव्हतं.

मी पर्समधून ओला टिश्यू काढला आणि घासायला लागले. माझी अक्कल बघा. हळद आणि कुंकू एकात एक झालं आणि पापडाएवढा नारिंगी डाग पडला. चारुदत्तने हळूच माझा हात धरून बाजूला केला. टेबलावरची बाई गोंधळली होती. म्हणाली, हे काही ड्रॉइंग नाही ना? मी तावातावाने म्हटलं, प्रार्थना आहे, आमच्या धर्मात असतं. अमेरिकन माणूस धर्म म्हटला की दचकतो, हे मला पन्नास वर्षांत कळलेलं आहे. बाई लगेच म्हणाली, मग माझी काही हरकत नाही, आणि तिने शिक्का उचललासुद्धा.

"नको," चारुदत्त म्हणाला. "खूण आहे. नियमात बसत नाही."

मी मराठीत ओरडले, "अरे, ती मारतेय ना शिक्का! तुझं काय जातंय?"

"ताई, त्या बाईला मी दोन ठिपक्यांसाठी घरी पाठवलं होतं."

मग मी पळाले. बहात्तराव्या वर्षी, त्या खडीवरून, एकेका चित्रकाराला विचारत, एक्स्ट्रा कॅनव्हास आहे का, एक्स्ट्रा कॅनव्हास आहे का. एका दाढीवाल्याच्या व्हॅनमध्ये होता. तो घेऊन धापा टाकत परत आले तर शिक्का पेटीत गेला होता. टेबलावरची बाई म्हणाली, आत्ताच ठेवला, दोन मिनिटं झाली, काढू का परत? तिने विचारलं मला, पण बघत होती त्याच्याकडे. त्याने मान हलवली, नाही. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, हे मी प्रामाणिकपणे लिहिते.

आम्ही पार्किंगमध्ये गाडीपाशी आलो. तो बंपरवर बसला, कॅनव्हास मांडीवर. माझ्या डोक्यात संतापाबरोबर एक घाणेरडा विचार आला. आला तो आला, आणि मी तो बोललेही. मी म्हटलं, "चारुदत्त, नीनाला अर्विंगला जायचंच होतं. तिने हे मुद्दाम तर..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणाला, "काहीही काय ताई! अहो, तिने पहिल्यांदा लावलं. गाडीला लावते, मिक्सरला लावते, त्या मेलेल्या लॅपटॉपला लावते. आज माझ्या रंगांना लावलं." आणि हसला. खरोखर हसला, डोळे भरलेले होते तरी. मग म्हणाला, "तिला हे कळता कामा नये. शब्द द्या मला."

मी शब्द दिला.

नीना साडेदहाला डबा घेऊन येणार होती, म्हणून त्याला चित्र काढणं भाग होतं. बाकीचे तीस कमी एक चित्रकार पार्किंगपलीकडच्या ओढ्याकडे तोंड करून उभे होते. हा पार्किंगच्या टोकाला कचऱ्याच्या पेट्यांशेजारी ईझल लावून उभा राहिला आणि त्या नारिंगी डागावरच सुरू झाला. पुढे पेट्या, त्यांच्या सावल्या, मागे डोंगर. मी त्याच्या मागे खुर्ची टाकून बसले होते. दीड तासात त्याने जे काढलं ते मी विसरणार नाही. तो डाग डोंगराच्या अंगात कुठेतरी जिरून गेला, आणि सगळा डोंगर आतून तापल्यासारखा दिसायला लागला. त्या दिवशीची एकोणतीसही चित्रं मी नंतर फिरून पाहिली. शिक्का असता तर हा पाचांत होता. यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये.

नीना आली ती नारायणपेठी नेसून, खाली स्नीकर्स, हातात श्रीखंड-पुरीचा डबा. शिफ्टमधून लवकर सुटून, घरी जाऊन साडी नेसून आली होती. नवऱ्याचं चित्र बघायला ती पहिल्यांदाच येत होती. चित्रासमोर उभी राहिली आणि मग पदराने त्याच्या कपाळावरचा घाम टिपला. अकराला भोंगा वाजला. चारुदत्त चित्र उचलून परीक्षकांच्या तंबूकडे गेला, तंबूला वळसा घालून मागच्या झाडाखाली दहा मिनिटं बसला आणि परत आला. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन आले तोवर त्याने नीनाला सांगितलंही होतं. "पहिल्याच फेरीत गेलं. परीक्षक म्हणाले, कंपोझिशन वीक आहे."

नीना खाली बघत होती. डबा उघडत म्हणाली, "असू दे. पुरी खा."

सोमवारी त्याने पाच चित्रं टांगली. मी मुद्दाम गेले होते. पाचातल्या तीन चित्रांत सूर्यास्ताचे रंग होते, सकाळी अकरा वाजता काढलेल्या. तो शिडीवर चढला, माप घेतलं, लेव्हल लावली, एक चित्र केसभर खाली केलं. उतरून म्हणाला, "झालं." गुडघ्यांवर हात ठेवून तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. डिसेंबरात त्यांनी घर विकलं आणि गेले. मंडळात मी एकटी उरले.

या जूनमध्ये नातीच्या पाचव्या वाढदिवसाला ऋषीने मला तिकीट पाठवलं, म्हणून अर्विंगला गेले. घर मोठं, गॅरेज दोन गाड्यांचं, रंगांची पेटी वरच्या फळीवर. मी चारुदत्तला विचारलं, काढतोस की नाही? म्हणाला, "वेळ कुठे मिळतो ताई." सकाळी नातीला शाळेत सोडतो, दुपारी आणतो, मधल्या वेळात किराणा. मी म्हटलं, मग मधला वेळ म्हणजे वेळच की. तो हसून दुसरंच काही बोलायला लागला.

वाढदिवसाला तीस-चाळीस माणसं. कुणीतरी चारुदत्तला विचारलं, काका, तुम्ही पेंटिंग करायचात ना? तो काही म्हणायच्या आत नीनाच मोठ्याने बोलली, "हो ना, एकदा स्पर्धेत पण घेतलं होतं. पण पहिल्याच फेरीत बाद! कंपोझिशन वीक." सगळे हसले. चारुदत्तही हसला आणि म्हणाला, "खरंच वीक होतं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. नीना पाठोपाठ पुऱ्या तळायला आली. मी दार लोटलं आणि म्हटलं, "नीना, तुला काही माहीत नाही, तर निदान बोलू तरी नकोस."

ती कढईत पुरी सोडत म्हणाली, "कुंकवाचं ना? माहीत आहे."

"कधी कळलं?"

"त्याच दिवशी कळलं, ताई. तुम्ही पाणी आणायला गेलात आणि हा तंबूमागे होता, तेव्हा ती टेबलावरची बाई आली. माझा हात हातात घेतला आणि सॉरी म्हणाली. एवढ्याशा डागासाठी असं व्हायला नको होतं म्हणाली. माझ्या नखांत हळद होती अजून."

"आणि आठ महिने गप्प बसलीस? वर चारचौघांत त्याला हसतेस?"

"तो सगळ्यांना तेच सांगतो. मी वेगळं सांगितलं तर त्याला कळेल की मला कळलंय."

"मग कळू दे की!"

नीनाने झाऱ्याने पुरी दाबली. ती फुगली, तिने उलटली, काढली. मग म्हणाली, "कळलं तर मला विचारावं लागेल."

"काय विचारावं लागेल?"

"मी मुद्दाम केलं असं तुला वाटलं का, असं." तिने गॅस बारीक केला. "मला इकडे यायचंच होतं ना हो, ताई. सगळ्या जगाला माहीत होतं. इतक्या वर्षांत त्या सामानाला कधी हात लावला नाही, आणि लावला तो नेमका त्या दिवशी. मी खरंच मनापासून लावलं हो. फोटो बघत होते मी, त्याच्या अर्जाबरोबर पाठवलेला, त्या टाकीच्या चित्राचा. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हे बरं आहे. म्हटलं, होऊ दे याच्या मनासारखं, अर्विंग काय, पुढेही आहेच. पण दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मलासुद्धा शंका आली असती. तो नाहीच म्हणेल, मला माहीत आहे. पण नाही म्हणायच्या आधी जरासा थांबला तर? मग मी काय करू?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात चारुदत्त रिकामं ताट घेऊन आत आला. "काहून वो, पुऱ्या संपवल्या का दोघींनी?" नीनाने त्याच्या ताटात चार पुऱ्या वाढल्या. तो गेला, आणि त्याच्यामागून नात आली, मग आणखी कुणी आलं, आणि ते तसंच राहिलं.

त्यानंतर चारदा तरी मी फोन उचलला आणि ठेवला. एक तर मी त्याला शब्द दिलेला. आणि खरं सांगायचं तर, नीनाला हे सांगायचं म्हणजे तिच्यावर मी संशय घेतला होता हेही सांगावं लागतं, आणि ते मला जड जात होतं. पण आता मी दमले. एकाचं गुपित एका कानात, दुसरीचं दुसऱ्या कानात, आणि दोघं एका घरात एकमेकांना जपत बसलेत. मला हे आणखी झेपणार नाही.

नीना, अमेरिकेतल्या मराठी मंडळांचा हा दिवाळी अंक तू जाहिरातींसकट वाचतेस, म्हणून इथे लिहिते. माझ्यावर रागव, तुझा हक्क आहे. तुझा तो प्रश्न त्या दिवशी पार्किंगमध्ये मीच त्याला विचारला होता. तो थांबला नाही.